जुने वळण म्हणजे थकवा नव्हे

जुन्या, पारंपरिक ब्लूजकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या गानशैलीकडे, परतणारा ज्येष्ठ कलावंत थकलेला असतो, हा रविवारच्या पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. अमेरिकी ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचेच उदाहरण घ्या. मिसिसिपीच्या कापूसमळ्यात राबलेल्या या गायकाला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने १९६८ मध्ये ‘इलेक्ट्रिक मड’ या अल्बमसाठी रॉकच्या कर्कश गिटारींत उभे केले. अल्बम खपला, पण खुद्द मडींना तो रुचला नव्हता. साठी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये, त्यांचा ‘हार्ड अगेन’ आला. त्यात पुन्हा त्यांची मूळ शैली, अस्सल शिकागो ब्लूज होता. पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, हार्मोनिकावर जेम्स कॉटन आणि गिटारवर निर्माते जॉनी विंटर. त्यातील ‘मॅनिश बॉय’ लक्ष देऊन ऐका. मडी एकेक ओळ छातीतून फेकतात आणि मागून विंटर यांच्या आरोळ्या येतात. आपल्याकडे रंगलेल्या मैफलीत समेवर दाद उसळते ना, अगदी तशा! ध्वनिमुद्रण चालू आहे याचे कोणालाच भान उरलेले नाही. या अल्बमला ग्रॅमी मिळाले, ही गोष्ट त्यामानाने लहान. थकलेल्या माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघत नाही. लेखकाने तो एकदा मोठ्या आवाजात ऐकावा, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली