अक्का, तुम्ही आप्पांशी वांग्याच्या भावावरून हुज्जत घातलीत, त्याबद्दल

अक्का, सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "ऱ्हाऊ दे की रे" म्हणत चहा टाकायला आत जाता. म्हणून इथं चारचौघांत लिहितोय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावात शिरलं आणि मातीच्या भिंती बसल्या. ऊस उभ्याउभ्या कुजला. मी बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, म्हणून आई-आप्पांना वडगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत आणलं. खायला कमी नव्हतं. पण जन्मभर तांबडं फुटायच्या आत मळ्यात जाणारा माणूस दिवसभर भिंतीला टेकून बसायला लागला. सकाळी बसलेला तो संध्याकाळी मी पाळीवरून आलो तरी तिथंच. बोलणंसुद्धा 'हं'वर आलं होतं.

मदत करणारे बरेच भेटले, खोटं कशाला बोलू? पण कशी मदत! गावच्या निवारा केंद्रात एका पाहुण्यांनी आप्पांच्या हातात ब्लँकेट दिलं, फोटो नीट आला नाही म्हणून काढून घेतलं आणि पुन्हा दिलं. पडलेल्या घराला सरकारनं पाच लाख जाहीर केले, तर आमचा उतारा आजोबांच्या नावावर. ते निस्तरायला गेलो तेव्हा एका साहेबांनी आप्पांना तोंडावर विचारलं, "बेळगावात राहता, मग पूरग्रस्त कसले?" आप्पा काही बोलले नाहीत. मला ते अजून विसरता येत नाही.

आणि मग तुम्ही. येळ्ळूर रस्त्याला तुमचं रान. आजूबाजूचं बासमतीचं शिवार बघता बघता प्लॉट होऊन विकलं गेलं. तुम्ही विकलं नाहीत, उलट कडेच्या वीसेक गुंठ्यांच्या पट्ट्या पाडून, गाव सोडून आलेल्यांना भाजी करायला दिल्या. भाडं नाही, वाटा नाही. माहेरी असताना मुंडगोडची तिबेटी वसाहत बघितली होती म्हणून हे सुचलं, असं तुम्ही आईला सांगितलंत. घरदार टाकून आलेल्या त्या लोकांना १९६६ पासून तिथं जमीन मिळाली, आणि ज्या रानात काही नव्हतं तिथं त्यांनी मका आणि भात पिकवला. "बसून खायला घातलं असतं तर माणसं मेली असती," हे तुमचं वाक्य आईच्या तोंडून मी ऐकलंय.

आप्पांच्या शेजारची पट्टी मलप्रभेच्या पुरातून आलेल्या बागलकोटकडच्या गवंड्याची, पलीकडची एका नेपाळी वॉचमनच्या घरच्यांची. तुमची जमीन काळी, बळ्ळारी नाल्याकडची, पाणी धरून ठेवणारी. वांग्याच्या मुळाशी पाणी साचलं की झाड बसतंच. आप्पांनी पहिल्यांदा चर मारला, वरंबे गुडघ्याएवढे केले. ते बघून नेपाळी वहिनीनंही आपल्या मोहरीच्या पाल्याला तसेच करून घेतले. आमच्या भागात पाट्यांवरच्या भाषेवरून डोकी फुटतात. तुमच्या रानात तीन भाषा बोलल्या जायच्या, आणि भांडण व्हायचं ते पाण्याच्या पाळीवरून.

पण मला आभार मानायचेत ते जमिनीचे नाहीत. भोगीच्या आदल्या दिवसाचे.

आत्यानं मिरजेकडून बी पाठवलं होतं, कृष्णाकाठच्या वांग्याचं. पहिला तोडा बुट्टीत होता. मी बांधावर उभा होतो. तुम्ही आलात, खाली बसलात आणि विचारलंत, "मामा, किलोला कसं लावलासा?"

आप्पा गडबडले. "तुमचीच जमीन, तुमच्याकडनं काय घ्यायचं?"

"जमीन माझी. वांगी तुमची की ओ. भाव सांगा."

"चाळीस."

"चाळीस? खडेबाजारात पस्तीसनं देतात की!"

आणि आप्पा ताठ झाले. किती महिन्यांनी! "ती हायब्रीड. ही कृष्णाकाठची हाईत. देठाला काटा बघा. शिजायला घटकाभर लागत न्हाई." तुम्ही एकेक वांगं उलटंपालटं करून पाहिलंत, एकाला भोक दिसलं ते "हे किडकं, हे नको" म्हणून बाजूला टाकलंत. आप्पांनी दुसरं घातलं. अडतीसला मिटलं. तुम्ही पैसे मोजून दिलेत, आप्पांनी ते मोजून कोपरीच्या खिशात ठेवले. त्या रात्री जेवताना आईला तो सगळा सौदा पुन्हा पुन्हा सांगत होते, तुमच्या आवाजात, त्यांच्या आवाजात.

अक्का, तोवर सगळ्यांनी त्यांना फक्त दिलं होतं. शेतकरी म्हणून त्यांच्याकडून काही मागितलं ते तुम्ही, आणि भावही पाडून मागितलात. समोरच्याचा कणा मोडू न देता मदत करणं हे खरं माणूसपण. ते शिकवून येत नसावं. आमच्या गावातही तसे एकदोन जुने लोक होते. देताना खाली बघायचे, म्हणजे घेणाऱ्याला नजर चुकवावी लागू नये.

गावचं घर आता उभं राहिलंय, आई-आप्पा परत जातायत. आप्पांची पट्टी गवंड्याच्या बायकोनं मागितलीय, तिला देऊन टाका. वांग्याचं बी आप्पांनी राखेत घोळून ठेवलंय, त्यातलं निम्मं तिच्यासाठी आहे. वास्तुशांत तुम्ही आल्याशिवाय करायची नाही, असं आईनं ठरवलंय. मुहूर्त काढायच्या आधी तुम्हाला कुठला दिवस जमेल ते कळवा, न्यायला मी गाडी घेऊन येतो.

तुमचा,
आप्पांचा थोरला