कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी मिळायला हवा असा सल्ला

महोदय,

रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार बँका व बिगर-बँक वित्त कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी व खर्च सांगणारे पत्रक, द्यावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना जी कर्जप्रकरणे माझ्यासमोर येतात, त्यांत पोच हमखास असते, पण कोणी काही समजावून सांगितल्याचे कर्जदाराला आठवत नाही. दुचाकीच्या शोरूममध्ये चावी टेबलावर आलेली असते, मोबाईलवरचा ओटीपी विक्रेत्याला सांगितला जातो आणि इंग्रजी पत्रकाखाली ‘वाचले व समजले’ अशी नोंद होते. कंपनीच्या विधी विभागाच्या लेखी नियमपालन तेवढ्यावर पूर्ण होते.

त्या पत्रकातला खरा कामाचा आकडा म्हणजे एपीआर, अर्थात सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक दर. 1 लाख रुपयांचे कर्ज घटत्या शिलकीवर 12 टक्के वार्षिक व्याजाने 24 महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 4,707 रुपये बसतो. पण प्रक्रिया शुल्क आणि विम्यापोटी 5 हजार कापून 95 हजारच हातात पडले, तर एपीआर 17 टक्क्यांच्या पुढे जातो. कर्जाची मुदत सात दिवस किंवा त्याहून अधिक असेल, तर पत्रकातील अटी मान्य करण्यासाठी कर्जदाराला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात आणि पत्रकात नसलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. (पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाबाहेर असल्याने त्यांच्या कर्जदारांना यातले काहीच मिळत नाही, हे दुखणे वेगळे.)

वाद झालाच, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र प्रतिनिधी म्हणून वकिलाला ती दाखल करता येत नाही. सामान्य माणसाला खर्चात पाडू नये हा त्यामागचा हेतू असावा आणि तो मला मान्य आहे. तरीही समोरच्या बाजूला विधी विभागाचा सल्ला घेऊन बसलेला, कंपनीची बाजू मांडणारा नोडल अधिकारी असतो आणि तक्रारदार मात्र आपला अर्ज बहुधा सायबर कॅफेतून लिहून घेतो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मधील ‘विधी सेवे’च्या व्याख्येत कायदेशीर सल्ला देणेही येते आणि त्या कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मोफत मिळते. म्हणून तालुका विधी सेवा समित्यांनी कर्जपत्रके तपासून देण्यासाठी आठवड्यातून एक दिवस वकील बसवावा, अशी माझी विनंती आहे. सही करण्यापूर्वी पत्रक तिथे दाखवता येते, एवढी सूचना शाखांच्या आणि शोरूमच्या दर्शनी भागात मराठीतून लावण्यास फारसा खर्चही येणार नाही.

आपला विश्वासू,
एक वकील वाचक, जि. सातारा