अक्षतांनंतरची चाळीस मिनिटे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली की ‘भटजी फार वेळ लावतात’ आणि ‘भटजींनी उरकून टाकले’ या दोन्ही तक्रारी एकाच मांडवात ऐकू येतात. दोन्हींत तथ्य आहे. मात्र लग्न लावणाऱ्याला या कामात आनंद कुठे मिळतो, हे सहसा कोणी विचारत नाही. दक्षिणेच्या पाकिटात तो असतो, पण थोडाच. खरा आनंद असतो अक्षता पडून गेल्यावर, पाहुणे पंगतीकडे वळल्यावर उरणाऱ्या चाळीसेक मिनिटांत. मांडव तेव्हा निम्मा रिकामा असतो आणि लग्न लागायचे अजून बाकी असते.

मंगलाष्टकांनी मुहूर्त साधतो, एवढेच. त्यांचे वृत्त शार्दूलविक्रीडित: ओळीत १९ अक्षरे, बाराव्यावर यती, म्हणजे विराम. ठाशीव म्हटले तर एका कडव्याला पाऊण ते एक मिनिट लागते. त्यामुळे मुहूर्तापासून उलटे मोजून आठ-नऊ मिनिटे आधी सुरुवात केली की पुरते. घोटाळा होतो तो ऐनवेळी पुढे येणाऱ्या आत्या-मावश्यांच्या घरगुती रचनांनी. त्यांना नाही म्हणू नये, त्यांचा जीव त्यात असतो. एकाच कडव्याची वेळ आधी ठरवून द्यावी आणि शेवटचा ‘तदेव लग्नं’ हा श्लोक पुरोहिताने स्वतःकडे राखून ठेवावा.

कन्यादानात मुलीच्या आईवडिलांना बोलायला शब्द सुचत नाहीत. म्हणून तर मंत्र असतो. खाली काशाचे भांडे, वर तिघांचे हात, त्यावर पाण्याची धार. आईचा हात हमखास कापतो आणि धार भांड्याबाहेर जाते. तिथे ‘चला, पुढचे घेऊ’ म्हणणारा पुरोहित कामाला मुकला असे आम्हाला वाटते. थांबावे, ओळ पुन्हा म्हणावी. कोण्या अनोळखी घराने इतक्या जवळ बसू द्यावे, याबद्दल कृतज्ञता वाटते ती याच क्षणी.

होमाचे बिघडते ते बहुधा सामानामुळे. समिधा ओल्या असल्या तर धूर होतो, मग कोणीतरी कापराच्या वड्या टाकतो आणि काजळी वधूच्या शालूवर बसते. वाळक्या समिधा आणि दोन गोवऱ्या असल्या तर पाव किलो तूप पुरून उरते. हल्ली व्यासपीठ प्लायवूडचे आणि वर गालिचा असतो. कुंडाखाली विटा व वाळूचा थर हवाच. वरचा पंखा बंद करावा, शेल्याची गाठ ज्वाळेपासून दूर ठेवावी, तूप पळीने खालून सोडावे, उंचावरून ओतू नये.

लाजाहोमात, म्हणजे लाह्यांच्या आहुतीत, वधूच्या ओंजळीला आधी तूप लावायचे, भावाने दोनदा लाह्या घालायच्या (जामदग्न्य, म्हणजे जमदग्नी ऋषींच्या कुळातले, असतील तर तीनदा), वर पुन्हा तूप. आश्वलायन गृह्यसूत्र या गृहसंस्कारांच्या प्राचीन ग्रंथात ‘भाऊ किंवा भावाच्या जागी असणारा’ असे म्हटले आहे. ही मुभा फार मोलाची आहे. मामेभाऊ, चुलतभाऊ, शेजारचा मुलगा, कोणीही चालतो, आणि ज्याला बोलावले जाते त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी ईशान्येकडे जात मांडतात. त्या वीत-दीड वीत अंतरावरच असाव्यात. नऊवारीत किंवा जड घागऱ्यात त्याहून लांब पाऊल पडत नाही. आधी जमिनीवरच्या अक्षता झाडून घ्याव्यात, पाय घसरतो तो त्यांच्यावरूनच. प्रत्येक पावलाला अर्थ मराठीत सांगावा: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि सातवे सख्य. सातव्या पावलाला ‘सखा’ हा शब्द आहे, हे बहुतेक जोडप्यांना तिथेच कळते आणि दोघे एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यासाठी आम्ही छायाचित्रकाराला दोन हात मागे उभे करतो. ‘पुन्हा एकदा चाला’ म्हणण्याची सोय इथे नाही.

कायद्याचेही लक्ष इथेच आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. अर्थात सप्तपदी हाच एक मार्ग नव्हे. १८७३ पासूनच्या सत्यशोधक पद्धतीत जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतःच एकमेकांशी बोलतात. पुरोहिताने त्यातून जरूर शिकावे.

वयाचा पुरावा मात्र पद्धत कोणतीही असो, आधी पाहावा: मुलगी १८, मुलगा २१. ‘पत्रिकेत जन्मसाल आहे’ एवढ्यावर भागत नाही. २००६च्या कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

वधू-वरांना आठ दिवस आधी तासभर भेटावे. नावे त्यांच्याच तोंडून ऐकून देवनागरीत लिहून घ्यावीत, कारण संकल्पात नाव चुकले की सगळे हसतात आणि एकटी वधू हसत नाही. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात; त्यावरून कोणाला ओशाळवाणे करू नये. विवाहनोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते, ती त्याच दिवशी करून द्यावी.

यजमानांना विनंती एकच. अक्षता पडताच माइकवरून ‘जेवून घ्या’ असा पुकारा होतो, तो होऊ द्या. पाहुणे लांबून आलेले असतात. फक्त मुलीच्या भावाला पंगतीला बसवू नका. लाह्यांचे सूप त्याच्या हाती द्यायचे असते, आणि त्याला शोधण्यात आमची दहा मिनिटे जातात.

आपले,
लग्न लावणारे काही पुरोहित