थकीत मेंटेनन्स आणि दरवाढीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन,
गणेशपूर, बेळगाव.

विषय: तळमजल्यावरच्या जी-2 फ्लॅटची चौदा महिन्यांची थकबाकी आणि आमच्यावर लादलेली दरवाढ.

स. न. वि. वि.

हे माझं तिसरं पत्र. पहिलं फेब्रुवारीत दिलं, तेव्हा तुम्ही "बघूया वहिनी" म्हणालात. दुसऱ्याची पोचसुद्धा मिळाली नाही. जिन्यात भेट झाली की तुम्ही पावसापाण्याचं बोलता आणि पुढे जाता. म्हणून आता सगळं लिहूनच देते.

1 तारखेच्या नोटिशीप्रमाणे मेंटेनन्स चौरस फुटाला 2 रुपयांवरून 2.75 रुपये झाला. माझ्या 1,200 फुटांच्या फ्लॅटला 2,400 ऐवजी 3,300. खर्च वाढलाय हे मला दिसतं. वॉचमनचा पगार, लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार (एएमसी), हेस्कॉमचं विजेचं बिल, उन्हाळ्यातले टँकर, काहीच स्वस्त राहिलेलं नाही. पण जी-2 कडे 1,240 फुटांचे चौदा महिन्यांचे 34,720 रुपये येणे आहेत. ते मागायला संकोच आणि वेळेवर भरणाऱ्यांना नोटीस, हे कुठल्या न्यायाने? बिल्डरच्या न विकलेल्या दोन फ्लॅटांचाही हिशेब नोटिशीत नाही. त्यांचा मालक बिल्डरच ना? खजिनदार म्हणतात जीएसटीमुळे दर वाढवावा लागला. महिन्याला 7,500 रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर जीएसटी लागत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

जी-2 चं म्हणणं, "आम्ही तळमजल्यावर, लिफ्ट वापरत नाही, मग का भरू?" कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, 1972 मध्ये स्पष्ट आहे की सामायिक सोय वापरत नाही म्हणून तिच्या खर्चातून कुणाची सुटका होत नाही. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या कलम 19(6) मध्येही घर घेणाऱ्याने मेंटेनन्सचा आपला वाटा वेळेवर भरायचा आहे. जी-2 वाले कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या सोसायटीचा दाखला देतात. मुळात महाराष्ट्राचे नियम इथे लागत नाहीत, आणि तिथल्या आदर्श उपविधीतही लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी, वापरा अथवा न वापरा, सारखाच द्यायचा असतो. आता नवीन सबब अशी की डीड, म्हणजे सही केलेला दस्त, कन्नडमध्ये आहे, सही करताना कळलं नाही. अध्यक्षसाहेब, माझ्या सुनेचं शिक्षण कन्नडमधून झालंय. तिने ते डीड आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना ओळ न् ओळ मराठीत सांगितलं, तेव्हा हेच गृहस्थ चहाचा कप हातात धरून मान डोलवत होते. तुम्हीही होता.

19 जुलैची संध्याकाळ तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही गावाला होता. सात वाजता पावसात लाईट गेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत माझ्या सासूबाई, वय 81, डॉक्टरांकडून परत येत होत्या. वॉचमन जनरेटरकडे धावला, तर टाकीत डिझेल नाही. मी फटीतून टॉर्च मारत उभी होते. मला त्यांच्या फक्त चपला आणि काठीचं टोक दिसत होतं. "घाबरू नका" म्हणत होते आणि माझाच आवाज कापत होता. पंचवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, "डिझेलला शिल्लक नव्हती." शिल्लक का नव्हती, हे कोण सांगणार?

आणि मे महिन्यात आपण टँकर मागवत होतो, तेव्हा दर रविवारी सकाळी जी-2 ची गाडी गेटजवळच्या सामायिक नळाला पाईप लावून धुतली जात होती. मी स्वतः दोनदा नळ बंद केला. गणपतीला मात्र त्यांनी 5,001 रुपये वर्गणी दिली आणि तुम्ही मंडपात त्यांना नारळ दिलात. वर्गणीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला एवढे देता येतात त्याला मेंटेनन्स जड जात नाही.

मीही एकदा, धाकटीच्या लग्नात, दोन महिने उशिरा भरलं. पण आधी सांगून, आणि दंडासकट. जी-2 च्या दंडाचा कुठे उल्लेखही नाही. हे माझं एकटीचं मत नाही. 103, 201 आणि 402 नंबरचे फ्लॅटवालेही माझ्याशी हेच बोलतात. वाईटपणा नको म्हणून मिटिंगमध्ये गप्प बसतात, एवढंच. माझं कुणाशी भांडण नाही. त्यांचं पाणी तोडा असंही मी म्हणत नाही, घरात लहान मुलं आहेत.

थकबाकीदारांची यादी फ्लॅट नंबर आणि रकमेसह लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावा, मराठी आणि कन्नड दोन्हीत, म्हणजे कळलं नाही म्हणायला जागा राहणार नाही. जनरेटरमध्ये कायम वीस लिटर डिझेल ठेवा. आणि दरवाढ जनरल बॉडीसमोर आणा.

सोबत ऑगस्टचा 2,400 रुपयांचा चेक जोडला आहे. वाढीव 900 रुपये जी-2 च्या पहिल्या पावतीची झेरॉक्स बोर्डावर दिसेल त्याच दिवशी आणून देईन. या पत्राची पोच कृपया सही-शिक्क्यासह द्यावी.

आपली,
फ्लॅट नं. 304

ता. क. नळाला पाईप आजही लावलेला आहे.