बंकर आहे, पण सराव केलाय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्रीमंत लोक जमिनीखाली बंकर बांधतायत अशा बातम्या हल्ली तुमच्या पेपरात पण वरचेवर येतात, आत स्विमिंग पूल काय नि थिएटर काय. पण ते वाचताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो, आत राहायचा सराव कोणी केलाय का?

स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचं उदाहरण मुद्दाम सांगते. तिथे सोनेनबर्ग नावाचा हायवेचा बोगदा आहे, अणुयुद्ध झालंच तर 20,000 लोक आत राहू शकतील असा तो 1976 मध्ये तयार केला, दीड मीटर जाड आणि प्रत्येकी 350 टनांचे दरवाजे, शिवाय आत हॉस्पिटल, कमांड रूम, सगळं. 1987 मध्ये मोठा सराव घेतला आणि तेव्हा कळलं की चारातला एक दरवाजा पूर्ण बंदच होत नाहीये! म्हणजे अकरा वर्षं 20,000 लोक सुरक्षित होते ते कागदावर. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, उलट त्यांनी करून बघितलं म्हणून तर कळलं. पुढे 2006 मध्ये तिथली क्षमता 2,000 वर आणली.

दुसरी गोष्ट हवेची. भिंत किती जाड हे सगळे विचारतात, पण बंद खोलीत ऑक्सिजन संपायच्या खूप आधी कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं दुखायला लागतं, गुंगी येते. म्हणून नीट बांधलेल्या शेल्टरमध्ये हवा आत खेचणारं फिल्टरचं यंत्र असतं आणि लाइट गेली तर ते हाताने फिरवायला हँडल असतं. आणि शिपिंग कंटेनर पुरायचे व्हिडिओ बघून कोणी तसलं काही करू नका प्लीज, कंटेनरचा भार चार कोपऱ्यांवर असतो, बाजूचे पत्रे मातीचा दाब सोसायला बनवलेलेच नसतात, ते आत दबतात. आत जनरेटर तर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास पण नसतो. आणि पूर येतो तिथे तर जमिनीखाली जायचंच नाही, वर चढायचं.

खरं तर बहुतेक संकटात बंकर लागतच नाही. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच वेळी वीज गेली, मेट्रो थांबल्या, कार्ड पेमेंट चालेना, मोबाइलला रेंज नाही, लोक सेलवरचे रेडिओ शोधत फिरत होते. त्याच्या महिनाभरच आधी युरोपियन युनियनने लोकांना सांगितलं होतं की घरात 72 तास पुरेल एवढं सामान ठेवा. स्वीडनने तर 2018 मध्येच घरोघरी माहितीपुस्तिका पाठवली होती.

हे सगळं वाचून आम्ही घरी एका रात्री मेन स्विच बंद केला, नळ बंद, फोन बाजूला. दहा मिनिटांत कळलं की टॉर्चमधले सेल गळून आत गंज चढलाय, आणि सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते फक्त मलाच माहीत. पाणी पण भरलेलं होतं ते चौघांना जेमतेम एक दिवस पुरलं असतं. आता सगळं एका बॅगेत असतं, औषधांची यादी कागदावर लिहिलेली.

तर विनंती एवढीच, बंकरच्या फोटोंना देता तेवढी जागा एखाद्या रविवारी या घरच्या सरावाला द्या, पाणी माणशी किती, कोणाला काय माहीत असायला हवं, मुलांना काय शिकवायचं, सगळं सविस्तर. मी ते कापून फ्रिजवर लावेन.

आपली,
एक नियमित वाचक