मेडिकलच्या शंभरीआधी सिकलसेलसाठी एक दार हवे

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई-बाप दोघांकडूनही आलेला. आम्ही नवरा-बायको दोघेही एएस, म्हणजे वाहक. लग्नाआधी पत्रिका पाहिली होती, रक्त तपासायचे कुणाला सुचले नाही. आई-बाप दोघेही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे मला तो दीड वर्षाचा असताना कळले. तेव्हा त्याच्या हातापायांची बोटे सुजली होती.

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की औषधाचे दुकान डोळ्यांपुढे येत नाही. मेडिकल म्हणजे आमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. १९४७ मध्ये ते सुरू झाले तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. १९५६ मध्ये विदर्भ वेगळ्या राज्यात गेला, पण बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून येणारे रुग्ण येतच राहिले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया तर आपलेच. ओपीडीच्या रांगेत मराठी, हिंदी, गोंडी एकाच वेळी कानावर पडते. २०१८ मध्ये नागपूरला एम्स मिळाले, तेव्हा त्याच्या पहिल्या तुकडीचे वर्गही मेडिकलच्याच आवारात भरले. १ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अमृतमहोत्सवासाठी इथे आल्या होत्या. एवढ्या मोठ्या घराकडे मी एकच मागणे घेऊन आले आहे.

सिकलसेल हा विदर्भाचा घरचा आजार आहे. नागपूरच्याच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. म्हणजे इथल्या वैद्यकाला हा आजार साठाहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तरी एकदा एका दवाखान्यात, क्रायसिसमध्ये, म्हणजे अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनेत, मुलगा कळवळत असताना, “एवढे काय दुखते, नाटक करतो का?” असे मी ऐकले आहे. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, म्हणून हाडे अशी ठणकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या रात्री मुलाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. वॉर्डात जो कुणी तरुण डॉक्टर पहिल्यांदा रुग्णापाशी येतो, त्याने हे दुखणे शिकताना पाहिलेले असले पाहिजे.

या आजाराला एक विभाग पुरत नाही. लहानपणी बालरोग, मोठेपणी मेडिसिन, खुब्याचे हाड झिजले की अस्थिरोग, गरोदर राहिली की स्त्रीरोग, शिवाय रक्तपेढी. प्रत्येक दारी तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने क्रायसिस कमी होतात, पण गोळी सुरू असताना पेशींची मोजणी वरचेवर करावी लागते. गडचिरोलीहून सकाळची एसटी धरून आलेल्या बाईचा तपासणीत दिवस गेला तर मजुरीही बुडते.

म्हणून मागणी अशी: मेडिकलमध्ये सिकलसेलसाठी वयाची आडकाठी नसलेला, रोज चालणारा एक विभाग असावा. त्याला मंजूर पदे असावीत, तिथे सगळ्या शाखांचे डॉक्टर येऊन रुग्ण पाहावेत, आणि क्रायसिसचा रुग्ण रात्री आला तर दुखणे थांबवायचे औषध आधी, कागद नंतर, असा नियम भिंतीवर लिहिलेला असावा. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिथे काही आठवडे बसावे. गावागावांत बोटाला सुई टोचून होणाऱ्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीत जे सापडतात, त्यांची पक्की तपासणी आणि लग्नाआधीचे समुपदेशनही तिथूनच व्हावे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, तर प्रमाणपत्रासाठी वेगळी पायपीट नको.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचे उद्दिष्ट २०४७ चे आहे. त्याच साली मेडिकल १०० वर्षांचे होईल आणि माझा मुलगा चाळिशीत असेल.

मंत्री महोदय, आपण पुढच्या वेळी नागपूरला याल तेव्हा आधी न कळवता सकाळी ओपीडीच्या वेळेला या. मी मुलाला घेऊन रांगेत असेन.

आपली,
एक आई
हनुमाननगर, नागपूर