बेड नंबर कापून दिलेल्या चिकटपट्टीबद्दल

आदरणीय सिस्टर,

हे पत्र खरे तर तुमच्या हातात द्यायचे होते. गेल्या आठवड्यात एका वॉर्डाने कागदी तक्ता बाजूला ठेवून संपूर्ण रात्र रुग्णांच्या नाडी, श्वास, तापमानाच्या नोंदी आमच्या उपकरणावर केल्या. ही बातमी सर्वांत आधी तुम्हाला सांगावी म्हणून मी तुमच्या रुग्णालयात आले, तेव्हा तुम्ही निवृत्त झाल्याचे कळले. कार्यालयाने तुमचा पत्ता किंवा फोन नंबर देण्यास स्पष्ट नकार दिला. पूर्वीची मी असते तर तिथेच हुज्जत घातली असती. या वेळी ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणून परत फिरले आणि जिना उतरताना माझे मलाच हसू आले, कारण हा धडा तुम्हीच दिलेला होता. म्हणून हे उघडे पत्र लिहीत आहे. त्यात तुमचे नाव नाही आणि रुग्णालयाचेही नाही. ओळख पटण्याजोगे जे काही होते, ते मी कात्रीने कापून टाकले आहे असे समजा.

तुमच्यापर्यंत पोहोचायला मला पावणेदोन वर्षे लागली होती. मोठ्या शहरात आरोग्य तंत्रज्ञानाचा व्यवसाय सुरू करणे बाहेरून फार सोयीचे वाटते. तासाभराच्या अंतरात हर प्रकारची रुग्णालये, हवे ते तज्ज्ञ, पैसे लावणारी माणसे. प्रत्यक्षात जिथे सगळेच आहेत तिथे कोणालाच वेळ नसतो, आणि ज्या दाराशी आपण उभे असतो तिथे आपल्यासारखेच आणखी दहा जण तसलीच चकचकीत पत्रके घेऊन उभे असतात. ‘छान आहे, कळवतो’ हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा ऐकले की समोरच्याचे ओठ हलण्यापूर्वीच मला ते ऐकू येऊ लागले होते. एका नावाजलेल्या रुग्णालयाने चाचणीच्या नावाखाली सात महिने आमचे सॉफ्टवेअर फुकट ठेवून घेतले, पाहुणे आले की त्यांना दाखवले, आणि खरेदीचा विषय निघताच फोन उचलणे बंद केले. एका गुंतवणूकदाराने बाजारपेठ किती मोठी आहे हे पाच वेळा विचारले. रात्री तीन वाजता ही नोंद नेमकी कोण करते, हे मात्र एकदाही विचारले नाही. अर्थात, विचारले असते तरी मला उत्तर देता आले नसते.

आमच्या सल्लागारांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. घसघशीत फी घेऊन त्यांनी आयएसओ १३४८५, आयएसओ १४९७१, आयईसी ६२३०४ अशा वैद्यकीय उपकरणांसाठीच्या मानकांच्या जाडजूड फायली आमच्याकडून भरून घेतल्या. दोष मानकांचा नाही. गुणवत्ता, धोके आणि सॉफ्टवेअरची घडण यांना शिस्त लावण्यासाठी ती आहेत आणि आज मी ती मनापासून पाळते. त्याच गठ्ठ्यात आयईसी ६२३६६ हेही होते. उपकरण कोण, कुठे आणि कशा परिस्थितीत वापरणार आहे हे आधी समजून घ्या आणि मग त्याच माणसांच्या हातून ते वापरून पाहा, असा त्याचा सारा रोख आहे. आम्ही ते कार्यालयात, पंख्याखाली बसून भरले. ‘वापरकर्ता’ या रकान्यात ‘परिचारिका’ असा एक शब्द लिहिला आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. सल्लागारांनी खाली सही केली.

तुमच्या वॉर्डात मी रात्री एकच्या सुमारास आले. परवानगी कशी मिळाली ते इथे सांगत बसत नाही. तुम्ही टॅबलेट हातात घेतला आणि हातातले मोजे न काढता तीनदा बोट टेकवले. पडदा ढिम्म हलला नाही. तुम्ही हसला नाहीत, सुस्कारा सोडला नाहीत, ‘कळवतो’ही म्हणाला नाहीत. ‘हे नाही चालायचं,’ एवढेच म्हणालात, आणि मी टॅबलेट पिशवीत घालू लागले तेव्हा पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलेत. ‘बसा. दोनचा राउंड बघा, मग का ते सांगते.’ पावणेदोन वर्षांत मला मिळालेला तो पहिला स्वच्छ नकार होता.

दोनच्या राउंडला तुम्ही एका आजोबांचे मनगट धरून उभ्या राहिलात. तुम्ही नाडी मोजता आहात असे मला वाटले. नंतर कळले की नाडी केव्हाच मोजून झाली होती. मनगट तसेच धरून तुम्ही पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजत होता, कारण श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. मग ॲप्रनच्या कडेला लावलेल्या पांढऱ्या कागदी चिकटपट्टीवर तुम्ही आकडा टिपलात आणि पुढच्या खाटेकडे गेलात.

आमच्या सॉफ्टवेअरचा मला अभिमान होता. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटनसाठी २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली गुणपद्धती आम्ही आधाराला घेतली होती. श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान या सहा मोजमापांना गुण द्यायचे, रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचेही गुण धरायचे, आणि बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलवायचे. आमच्या बेरजेत चूक नव्हती. मात्र तुमच्या पट्टीवर दोन वाजून पाच मिनिटांनी उतरलेला आकडा तक्त्यात जायला पावणेतीन वाजत होते, कारण मध्ये शेवटच्या खाटेची घंटा वाजली, मग एकाचे सलाईन थांबले, मग एका मुलीला आईची आठवण येऊन रडू कोसळले. आमचे यंत्र आकडा भरल्याची वेळ हीच मोजल्याची वेळ धरणार होते. शिवाय दोन मिनिटे हात लागला नाही की ते स्वतःला कुलूप लावून घेणार आणि अर्धवट नोंद पुसून टाकणार होते. हे मी कबूल केल्यावर तुम्ही ॲप्रनकडे बोट दाखवलेत. ‘तुमचं मशीन विसरतं. ही पट्टी नाही विसरत.’

मग कोपऱ्यातल्या मॉनिटरची पिपाणी वाजू लागली आणि तुम्ही मला विचारलेत की तो काय सांगतो आहे. मला सांगता येईना. दिवसभरात तो किती वेळा उगाच ओरडतो हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा मला १९८५ ते १९८७ दरम्यानच्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या अपघातांची आठवण झाली. रुग्णांना किरणांची भलतीच मोठी मात्रा गेली, तेव्हा पडद्यावर फक्त ‘माल्फंक्शन ५४’ अशी अक्षरे उमटली होती. असले संदेश रोजचेच झाल्यामुळे यंत्र चालवणाऱ्यांनी सवयीने ‘पी’ हे बटण दाबून काम पुढे नेले. हे मी सादरीकरणांत अनेकदा सांगितले होते, आणि तरीही आमच्या यंत्रात अकरा प्रकारचे इशारे घालून ठेवले होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. पहाटे साडेपाचला तुम्ही पट्टीवरचे सगळे आकडे तक्त्यात उतरवलेत आणि पट्टी ॲप्रनवरून सोलून काढलीत. मी ती मागितली. एका रात्रीत नोंद कशी होते ते आमच्या कंपनीतल्या मुलांना दाखवायचे होते. मी हात पुढे केला, पण तुम्ही पट्टी मागे घेतलीत. मला वाटले, झाले, इथेही नाहीच. तुम्ही खिशातून छोटी कात्री काढलीत, पट्टीच्या डाव्या कडेला जिथे बेड नंबर लिहिलेले होते ती बोटाच्या पेराएवढी किनार वरून खालपर्यंत सरळ कापलीत, तिचे बारीक तुकडे करून डब्यात टाकलेत, आणि उरलेली पट्टी माझ्या वहीच्या पानावर स्वतः चिकटवून अंगठ्याने दाबलीत. ‘आकडे घेऊन जा. पेशंट इथंच राहू देत.’

त्या वेळी तुम्हाला पाहणारे कोणी नव्हते, तुम्ही बारा तास उभ्या होतात, आणि नुसत्या बेड नंबरावरून एखाद्याची ओळख मी काढू शकले असते असेही नाही. आमच्याकडे वकिलाने लिहिलेले चौदा पानी गोपनीयता धोरण होते. त्याच वेळी आमच्या चाचणीच्या प्रतींमध्ये खाट, वॉर्ड आणि दाखल झाल्याची तारीख बिनदिक्कत पडून होती. त्या सकाळी घरी न जाता मी थेट कार्यालयात गेले आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहिला : हे सिस्टरांना लागते की आपल्याला? जे फक्त आपल्याला लागत होते, त्यातले बहुतेक खरे तर आपल्यालाही लागत नव्हते.

सभ्यपणाबद्दल बोलायचे तर आमच्या व्यवसायात त्याचा फार गवगवा आहे. प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर रुग्णाचे हित चौकटीत लावलेले असते, आमच्याही होते. मला तोवर भेटलेली बहुतेक माणसे वाईट नव्हती. नाही म्हणण्याचा अवघडलेपणा टाळण्यासाठी ती हो म्हणत होती, आणि त्यांच्या त्या गोड होकारांनी आमचे भांडवल खाल्ले. तुम्ही अनोळखी बाईला नकार दिलात आणि मग तिच्यासाठी एक अख्खी रात्र खर्च केलीत.

नवे उपकरण मोज्यांसकट चालते. पहिला आकडा टेकवला की वेळ तिथेच पक्की होते आणि अर्धी नोंद तुम्ही परत येईपर्यंत थांबून राहते. अकरा इशाऱ्यांचे दोन झाले. तिसऱ्या बटणाचा आकार तुम्हाला अजून लहान वाटेल. तो वाढवायला घेतला आहे. पट्टी वहीत आहे, शाई फिकी होत चालली असली तरी आकडे वाचता येतात. नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्यापुढे ठेवते. डावी कड अशी सरळ कापलेली का, हे त्याने विचारेपर्यंत मी काही बोलत नाही.

आपली कृतज्ञ,
त्या रात्री स्टुलावर बसलेली